खानापूरच्या जंगलातल्या सवयी थरच्या वाळूत चालत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही बेळगाव-खानापूरकडचे सहा मित्र. जांबोटी, चोर्ला, आंबोली या बाजूला तंबू टाकून राहायची सवय आहे. जानेवारीत जोडून तीन दिवसांची सुट्टी येतेय. राजस्थानच्या वाळवंटात स्वतःचे तंबू लावून दोन रात्री काढायच्या आहेत. तंबू कोणता घ्यावा आणि आणखी काय सामान लागेल? एकाला थोडा दमा आहे, त्यानं यावं का?"

मी बेळगावातूनच माणसं घेऊन फिरतो. सुरुवातीची वर्षं सगळी सह्याद्रीत गेली, नंतरचे अकरा हिवाळे राजस्थानातल्या थर वाळवंटात. त्यामुळं तुमची तयारी कुठल्या मातीतली आहे हे मला नेमकं कळतं, आणि काळजीही त्याचीच वाटते. अगदी नवखा माणूस वाळवंटात भीत भीत जातो, विचारून पाऊल टाकतो. पावसात, जळवांत, निसरड्या दगडांवर रात्री काढलेल्या माणसाला वाटतं, कोरड्या वाळूत काय अवघड आहे? माझ्या बरोबर आलेल्यांत सगळ्यात जास्त हाल अशाच तयार मंडळींचे झाले. म्हणून तंबूचं उत्तर मागं ठेवतो. तुमचा खरा प्रश्न दिवसांचा, पाण्याचा आणि रात्रीच्या गारठ्याचा आहे. तंबू हा या तिन्हींनंतरचा विषय.

आधी दिवस. बेळगाव ते जैसलमेर रस्त्यानं सुमारे १५०० किलोमीटर भरतं. मिरज, पुणे, अहमदाबाद करत जोधपूरला जाणारी रेल्वे बेळगाववरून आहे, पण ती रोज नाही. तिच्यात एक अख्खा दिवस, एक रात्र आणि वर काही तास जातात, आणि जोधपूरहून जैसलमेर आणखी पाच-सहा तास. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानं कुठं कुठं जातात हे दर हंगामाला बदलत राहतं, म्हणून त्या भरवशावर आत्ताच काही ठरवू नका. तिकीट हातात आलं की मग बोला. विमानानं जोधपूर गाठलंत तरी तीन दिवसांत वाळूवर एकच रात्र मिळते. दुसऱ्या रात्रीचा हट्ट धरलात तर परतीच्या प्रवासात कुणीतरी सलग वीस तास गाडी चालवणार. त्याला माझा साफ विरोध आहे. सहा जणांत दोन दिवसांची रजा काढता येत असेल तर पाच दिवसांचा बेत करा, त्यातल्या दोन रात्री वाळूवर. नसेल जमत तर एक रात्र वाळूवर, एक जैसलमेर गावात, आणि त्यात समाधान माना. एक रात्रसुद्धा पुष्कळ देते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास सीमेकडच्या भागात बंदोबस्त कडक असतो. सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या खिशात असू देत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्यातले किती जण थंडी सोसणारे आहेत, कुणाला मधुमेह आहे का, बायका-मुली बरोबर आहेत का, यावर मुक्काम गावापासून किती लांब करायचा हे ठरतं. मी पुढं जे सांगतोय ते सहा धडधाकट माणसं, जानेवारी महिना आणि बरोबर एक स्थानिक उंटवाला असं धरून सांगतोय. एप्रिलनंतर जायचा विचार असेल तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा जाऊच नका.

आता पाणी. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादईही खानापूर तालुक्यातच. अशा मुलखात वाढलेला माणूस पाणी उचलून नेत नाही, तो पाण्याजवळ जाऊन मुक्काम करतो. नकाशात ओढा बघायचा, तिथं सॅक टाकायची, ही आपली पद्धत. जैसलमेरला वर्षाचा सगळा पाऊस मिळून २०० मिलिमीटरसुद्धा होत नाही. आषाढ चांगला लागला तर कणकुंबीला तेवढा पाऊस एखाद्या आठवड्यात पडून जातो. तिथं पाणी सापडत नाही, तुम्ही नेता तेवढंच असतं. माझा हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. सहा जण, दोन दिवस, म्हणजे ६० लिटर, आणि त्यावर १५ लिटर न मोजता ठेवायचं. ते ७५ लिटर एकाच कॅनमध्ये कधी भरू नका. एक कॅन उंटाच्या पाठीवरून घसरून फुटला की निम्मी सहल तिथंच संपते. दहा-दहा लिटरचे कॅन घ्या, झाकणं घरी पालथी घालून तपासा.

थंडीत तहान लागत नाही, हा तिथला मोठा फसवा भाग आहे. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आधीच उडून जातो. शर्ट कोरडा असतो, माणूस म्हणतो मला घामच आला नाही, आणि दुपारी चार वाजता डोकं धरून बसतो. आपल्याकडं घामानं भिजलेली पाठ आपल्याला पाणी प्यायची आठवण करते. तिकडं ती आठवण घड्याळाकडं सोपवावी लागते. मी दर तासाला सगळ्यांना थांबवतो आणि माझ्यासमोर चार घोट प्यायला लावतो. पाकिटातलं ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका.

वाटेत एखादी बेरी किंवा कुंई दिसेल. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या कठीण थरावर अडतं आणि तिथं झिरपत झिरपत साठतं, अशी ती अरुंद विहीर. त्या पाण्यावर एखाद्या ढाणीची, म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीची माणसं आणि जनावरं जगतात. ओढ्यावर आंघोळ करायची आपली सवय तिथं विसरा. तिथं साबण काढू नका, भांडी धुऊ नका, आणि विचारल्याशिवाय दोर सोडू नका. भांडी वाळूनं घासली की स्वच्छ निघतात, नंतर ओलं फडकं फिरवलं की झालं.

रात्रीच्या गारठ्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथं फसगत पक्की असते. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरचं रात्रीचं सरासरी तापमान सात-आठ अंशांच्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली की बरंच खाली जातं. दुपारी मात्र चोवीस-पंचवीस. बेळगावच्या थंडीत वाढलेल्याला सात-आठ हा आकडा घाबरवत नाही. पण आपल्याकडं जमिनीत ओल असते, वर झाडांचं छत असतं, हवेत बाष्प असतं. दिवसभराची ऊब ही तिन्ही मिळून रात्री हळूहळू परत देतात. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये नुसती हवा भरलेली असते, त्यामुळं ऊन वरच्या काही इंचांपलीकडं खाली उतरतच नाही. दुपारी चांगली तापलेली वाळू सूर्य बुडाल्यावर तासा-दोन तासांत गार पडते, कारण आत साठवलेलं काही नसतं. वर ढग नाहीत, बाष्प नाही, सगळी उष्णता सरळ आकाशात निघून जाते. शिवाय रात्र लांब असते. जानेवारीत तिकडं सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. पहाटे चारला जाग आली तर आणखी साडेतीन तास काढायचे असतात.

यावर उपाय अंगावर घ्यायच्या पांघरुणापेक्षा अंगाखाली जास्त आहे. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाच्या वजनानं दबतो आणि तिथली ऊब संपते. म्हणून खाली फोमची मॅट आणि तिच्यावर घोंगडी. हो, आपली धनगरी घोंगडी. महागड्या हवा भरायच्या मॅट मी वापरून पाहिल्या आहेत. तिथल्या काट्यांत एक तरी फुटतेच, आणि फुटलेली मॅट म्हणजे नुसतं प्लास्टिक. घोंगडी जड आहे हे कबूल, पण सामान उंट वाहणार आहे. स्लीपिंग बॅग घेताना शून्य ते पाच अंशांत आरामात झोप लागेल अशी घ्या. पाकिटावर दोन-तीन आकडे असतात. त्यातला सगळ्यात खालचा, जीव वाचवण्यापुरता असतो तो, बघू नका. कानटोपी, लोकरी मोजे आणि झोपायचे कपडे वेगळे ठेवा. दिवसभर घातलेले कपडे कोरडे वाटले तरी त्यात घामाची ओल असते, ते घालून झोपलेला पहाटे कुडकुडतो.

जागेची निवड या गारठ्याशीच बांधलेली आहे. टेकडीच्या, म्हणजे तिकडं ज्याला धोरा म्हणतात त्याच्या माथ्यावरून सूर्यास्त सुंदर दिसतो, म्हणून सगळे तिथंच तंबू ठोकायला जातात. रात्री वारा सुटला की माथ्यावरची वाळू सरळ तंबूत येते. आणि दोन धोऱ्यांच्या मधल्या अगदी खोल खळग्यात निवारा वाटतो, पण गार हवा जड असते, ती उतरून तिथंच साचते. चालत गेलात तरी हाताला जाणवेल इतका फरक पडतो. मी मधली जागा निवडतो: खळग्याच्या तळापासून थोडी वर, घट्ट सपाट वाळू, पूर्वेला उघडी, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तंबूवर. धोऱ्याच्या ज्या अंगाला उतार एकदम तीव्र असतो, तीसेक अंशांच्या वरचा, त्याच्या पायथ्याशी झोपायचं नाही. ती घसरती बाजू असते, वरून वाळू तिथंच येऊन पडते.

आणखी एक जागा टाळा, जी तुम्हाला बघताक्षणी आवडेल. बांध घातलेलं, सपाट, हिरवट शेत. ते खडीन. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून जैसलमेर भागात बसवलेली ही पद्धत. पावसाचं वाहतं पाणी बांधानं अडवायचं, मुरवायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. जानेवारीत तिथं पीक उभं असतं. आपल्या गादीवाफ्यावर कुणी तंबू ठोकला तर कसं वाटेल, तेवढा विचार पुरे.

आता तंबू. दोन माणसांचा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा, बुटका, दोन्ही बाजूंनी हवा खेळणारा कुठलाही चालेल. चोर्ल्याच्या पावसात टिकलेला तुमचा जुना तंबू असेल तर नवा घेऊच नका, पैसे स्लीपिंग बॅगमध्ये घाला. पावसाचं वरचं कापड घरी ठेवायचा मोह होईल, पण ते न्याच, कारण तिथं ते वारा आणि वाळू अडवतं. बदलायच्या आहेत त्या फक्त खुंट्या. लोखंडी खुंटी वाळूत बोटानं उपटून येते. पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या न्या, एका तंबूला आठ. त्यात वाळू भरायची, तोंड बांधायचं, मधोमध दोरी आवळायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरून वरून पाय देऊन दाबायची. वारा कितीही ओढू दे, पिशवी आणि तिच्यावरची वाळू मिळून धरून राहतात. चेनमध्ये वाळू अडकली तर तेल लावू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते. जुना दातांचा ब्रश पुरतो. हे सगळं पहिल्यांदा जैसलमेरला करू नका. एखाद्या रविवारी वेंगुर्ल्याला जा, भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत दुपारी तंबू लावून बघा, दोऱ्या ओढून बघा आणि संध्याकाळी परत या. सहाच्या सहा जणांना पिशव्या पुरता आल्या पाहिजेत.

इथपर्यंतचं एका दमात: रजा वाढवा किंवा एका रात्रीवर या, ७५ लिटर पाणी लहान कॅनमध्ये, अंगाखाली मॅट आणि घोंगडी, मुक्काम माथा आणि तळ यांच्या मध्ये, खुंट्यांऐवजी पिशव्या. आता रात्रीच्या आणखी दोन-तीन गोष्टी.

चौथ्या हिवाळ्यात आमच्यातला एक जण रात्री लघवीला उठला आणि टॉर्च न घेता शेजारचा धोरा ओलांडून गेला. अमावस्येच्या आसपासची रात्र होती. तारे बघायचे म्हणून आम्ही मुद्दामच ते दिवस धरले होते. परत फिरला तर त्याला सगळे धोरे सारखेच. जंगलात ओढ्याचा आवाज असतो, झाड असतं, वाट असते. तिथं काही नाही. त्यानं हाका मारल्या, पण वारा उलटा होता. चाळीस मिनिटांनी उंटवाल्यानं त्याच्या पावलांवरून त्याला शोधून आणलं, तेव्हा तो बोटं वाकवू शकत नव्हता. तेव्हापासून माझ्या मुक्कामावर एक काठी उभी असते आणि तिच्या टोकाला रात्रभर जळणारा छोटा दिवा. धोरा ओलांडायचा नाही, दिवा दिसतो तेवढ्यातच जायचं आणि जाताना शेजारच्याला उठवून सांगायचं. हा नियम मोडणाऱ्याला मी पुढच्या वेळी नेत नाही.

सापांची फार भीती घेऊ नका, थंडीत ते सुस्त असतात. पण कोकणात आपण ज्याला ओळखतो ते फुरसं तिकडंही आहे, मण्यारीच्या जातीचा सापही आहे, आणि विंचू तर आहेतच. बूट तंबूच्या आत ठेवायचे आणि सकाळी उलटे करून आपटायचे. झुडपाखाली हात घालायचा नाही. कुणाला चावलंच तर बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका. तो अवयव हलू न देता सरळ जैसलमेर गाठायचं. सम या पर्यटकांच्या ठिकाणच्या धोऱ्यांपासून जैसलमेर गाव चाळीसेक किलोमीटर आहे, म्हणूनच जीप मुक्कामापासून अर्ध्या तासात पोचेल एवढ्या अंतरावर उभी हवी. पहिल्या सहलीत त्याहून आत जाऊ नका.

शेकोटीसाठी लाकूड जैसलमेरमधून विकत घेऊन न्या. तिथं उभं दिसेल ते झाड बहुधा खेजडी, म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली राजाच्या माणसांनी ही झाडं तोडायला घेतली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठी मारून जीव दिला. त्या मुलखात वाळलेली म्हणून एखादी फांदी मोडलीत तरी तुमचा उंटवाला गप्प होईल आणि मग दोन दिवस बोलणार नाही. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी. ती वाळवून, केर म्हणजे तिकडच्या काटेरी झुडपाची छोटी फळं घालून केलेली भाजी आणि बाजरीची भाकरी त्याच्याच घरून घ्या. आपल्याकडून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचं करदंट न्या. कोरड्या हवेत कडक भाकरी इथल्यापेक्षाही चांगली टिकते.

जागा कुठली, तर सम टाळा असं मी सांगेन. तिथं तंबूंच्या रांगा, जनरेटर आणि रात्री उशिरापर्यंत स्पीकर असतात. एकदा फोनवर "एकदम शांत" म्हणून सांगितलेल्या ठिकाणी पोचलो आणि तीन बाजूंनी तीन गाणी ऐकत रात्र काढली. खुडी गावाच्या बाजूला तुलनेनं शांतता आहे. मात्र या पट्ट्यातला ३१६२ चौरस किलोमीटरचा भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक तिकडं गोडावण म्हणून ओळखला जातो, राजस्थानचा तो राज्यपक्षी. जगात मिळून तो दीडशेच्या आसपासच उरलाय आणि त्यातले बहुतेक याच भागात आहेत. तुमच्या एका शेकोटीनं, एका ड्रोननं तो घरट्यावरून उठू शकतो. ड्रोन नेऊच नका. सॅटेलाइट फोनही नाही, परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. सीमेलगत जायचं असेल तर आधी जिल्हा प्रशासनाकडं चौकशी करा. वाळूत लोखंडाचा अनोळखी तुकडा दिसला तर हात लावू नका, तो सगळा सैन्याच्या सरावाचा मुलूख आहे.

उंटवाला जीपच्या दलालामार्फत घेऊ नका, ढाणीत जाऊन बोला. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातले उंट चार लाखांवरून अडीच लाखांवर आले. उंट पाळणं परवडेनासं झालंय. पैसे थेट त्याच्या हातात पडले तर तो जनावर ठेवेल. आणि वाळूत वाट, वारा, पाणी या तिन्हींचं त्याला जेवढं कळतं तेवढं मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. तो म्हणाला आज पुढं जायचं नाही, तर नाही.

दम्याच्या मित्राबद्दल. गेल्या महिन्याभरात त्याला जोराचा त्रास झाला असेल तर त्यानं या वेळी थांबावं. नसेल झाला, तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलून, औषधाची मात्रा लिहून घेऊन यावं. गार कोरडी हवा, उडती वाळू आणि शेकोटीचा धूर हे तिन्ही त्याला एकदम भेटणार आहेत. त्याला शेकोटीच्या ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला बसवा, नाकातोंडावर सुती उपरणं असू दे, आणि रात्री तंबूत घुसमटत असेल तर ढाणीतल्या मातीच्या झोपड्यात झोपायची सोय आधीच बोलून ठेवा. इनहेलर दोन न्या. गारठ्यात त्यातून औषध नीट बाहेर पडत नाही, म्हणून तो सॅकमध्ये किंवा उशाशी ठेवू नका. एक त्याच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत, आणि दुसरा त्याच्या शेजारी झोपणाऱ्याच्या खिशात.